टकीलाला मातीचा वास येतोय, बिघडली का?

मागच्या अंकात मी जाता जाता एका ओळीत लिहून गेले की चांगली सिल्व्हर टकीला ही मीठ चाटून, डोळे मिटून एका घोटात संपवायची गोष्ट नाही, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम तिलाच द्यावा लागतोय. प्रश्न थोडे छाटलेत, नावं नेहमीसारखी काढलीत. आणि हो, महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो, ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त ग्लासात काय आहे ते सांगते.

ताई, माझा भाऊ मेक्सिकोत ग्वादालाहाराला आयटीत आहे, दिवाळीला आला तेव्हा एरादुरा ब्रँडची सिल्व्हर टकीला घेऊन आला. उघडली तर पहिल्या पावसात अंगणात येतो तसा वास, त्यात उकडलेलं रताळं आणि वर मिरी. मी आजवर पार्ट्यांमध्ये प्यायलेली टकीला अशी कधीच नव्हती. शिवाय सिल्व्हर म्हणून लिहिलंय पण रंग किंचित पिवळट वाटतो. बायको म्हणते खराब झाली, ओतून द्या. ओतू का?
— कोथरूड, पुणे

ओतू नका हो! वहिनींना सांगा की जो वास त्यांना खराब वाटतोय त्याच वासासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात.

आधी रंगाचं सांगते कारण ते सोपं आहे. सिल्व्हर, ब्लांको, प्लाता ही एकाच प्रकाराची नावं, आणि नियम असा की ती अजिबात मुरवायची नाही किंवा मुरवलीच तर दोन महिन्यांच्या आत बाहेर काढायची. दोन महिने ते एक वर्ष लाकडात राहिली की ती रेपोसादो, एक ते तीन वर्षं म्हणजे अन्येहो, आणि त्याहून जास्त म्हणजे एक्स्ट्रा अन्येहो, जो प्रकार 2006 साली नव्याने धरला गेला. बहुतेक सिल्व्हर पाण्यासारख्या स्वच्छ असतात पण एरादुरावाले त्यांची सिल्व्हर 45 दिवस ओकच्या पिंपात ठेवतात, तो पिवळट रंग तिथला, आणि तुम्हाला मागे हलका लाकडाचा वास लागत असेल तर तोही तिथलाच.

आता माती. एरादुरा बनते अमातितान गावात, भावाला विचारा, ग्वादालाहाराहून टकीला गावाकडे निघालं की आधी एल अरेनाल लागतं, मग अमातितान, मग टकीला, गाडीने तासाभराचा रस्ता. हा सगळा टकीला ज्वालामुखीच्या पायथ्याचा खालचा पट्टा, काळपट ज्वालामुखी माती, आणि टकीला गाव समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवर. याउलट ग्वादालाहाराच्या पूर्वेला लोस आल्तोस म्हणून डोंगराळ भाग आहे, अरांदास, आतोतोनिल्को ही गावं, उंची साधारण 1600 ते 2000 मीटर आणि माती लालभडक, लोखंडाची, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी दिसायला. ढोबळमानाने वरची टकीला फुलांकडे-फळांकडे झुकते, गोडसर लागते, आणि खालची मातकट, हिरव्या पाल्याची, मिरमिरीत. ढोबळमानाने म्हणते हां, कारण हल्ली वरच्या शेतातलं अगावे, म्हणजे टकीला ज्यापासून बनते ते घायपातासारखं झाड, खाली आणून गाळतात आणि खालचं वर नेतात, त्यामुळे फॅक्टरी कुठे आहे एवढ्यावरून पैज लावू नका.

आणि नुसती मातीच सगळं करते असंही नाही, अर्धं काम भट्टीचं असतं. निळं अगावे पाच-सात वर्षं शेतात वाढतं, मग खिमादोर लोक, म्हणजे ते कापणारे कारागीर, कोआ नावाच्या गोल पात्याच्या लांब दांड्याने त्याची पानं छाटतात आणि मधला गड्डा उरतो, तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याला पिन्याच म्हणतात, एकेक 30-40 किलोचा सहज, काही त्याहून बरेच मोठे. कच्चा गड्डा गोड नसतो. त्यात इन्युलिन असतं, कांद्या-लसणात असतं तेच, आणि ते तासन्‌तास वाफवलं की फुटून त्याची साखर होते. विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस हळूहळू शिजवलं तर तुमचं ते रताळं येतं, मोठ्या प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये काही तासांत उरकलं तर चव जरा साफसूफ येते, आणि डिफ्यूझर नावाचं मशीन तर कच्च्या गड्ड्यातूनच गरम पाण्याने साखर धुऊन काढतं, त्यात रताळं कुठून येणार. मी अमातितानला शिजलेल्या गड्ड्याचा तुकडा चघळला होता, अगदी ऊस चघळल्यासारखा, रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, आणि त्या आवारात उभं राहिलं की गुऱ्हाळावर आल्यासारखंच वाटतं, फक्त काकवीऐवजी भाजलेल्या कंदाचा वास. एरादुरा अजून विटा-मातीच्या भट्टीत शिजवते आणि आंबवायला बाजारचं यीस्ट न घालता हवेतलं, आजूबाजूच्या झाडांवरचं जे येईल त्यावर सोडते, त्यामुळे तो वास असा भरलेला येतो.

तुम्ही पार्ट्यांमध्ये जी प्यायलात ती बहुतेक मिश्तो असणार. लेबलवर 100 टक्के अगावे असं लिहिलेलं नसेल तर समजायचं की साखरेपैकी निदान 51 टक्के अगावेची आणि बाकीची उसाची किंवा आणखी कसली. ती पिऊ नये असं नाही पण तिच्यात माती शोधायला जाऊ नका.

खराब कधी म्हणायची? ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद कपाटातल्या बुरशीचा वास आला तर बूच बिघडलेलं असू शकतं, नेलपॉलिशचा भपकारा पाच मिनिटं ग्लासात ठेवूनही गेला नाही तर माल मुळातच ढिसाळ गाळलाय. आणि धूर, म्हणजे चुलीसारखा स्पष्ट धूर येत असेल तर भावाने चुकून मेस्कल आणली, तिचं अगावे जमिनीतल्या खड्ड्यात लाकडावर भाजतात. बाकी माती, रताळं, मिरी हे सगळं जागच्या जागी आहे.

टकीलाची चव घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं? व्हिस्कीसारखं? माझ्याकडे खास ग्लास वगैरे काही नाही.
— डोंबिवली

खास ग्लास लागत नाही पण तोंड निमुळतं हवं, लहान वाइन ग्लास चालतो, शॅम्पेनचा उभा ग्लास तर उत्तमच. स्टीलचं फुलपात्र आणि शॉट ग्लास दोन्ही नको, शॉट ग्लासमध्ये वास घ्यायला जागाच नसते, तो मुळी वास येऊ नये म्हणूनच बनवलाय असं माझं मत.

साधारण 25-30 मिली ओता, फ्रिजमधली नको, बर्फ नको, घरात आहे त्या तापमानाची. आणि पाच-दहा मिनिटं विसरून जा. नंतर ग्लास हलकेच फिरवून नाक लांबूनच जवळ आणा, एकदम आत खुपसलंत तर 40 टक्के अल्कोहोल नाकाला झोंबेल आणि पुढची पंधरा मिनिटं काही कळणार नाही. एक गंमत करून बघा, ग्लास जरा तिरपा धरून काठाच्या खालच्या बाजूला वास घ्या, मग वरच्या बाजूला, मग मध्ये, तीन ठिकाणी वेगवेगळं मिळतं, बहुतेकदा एका ठिकाणी झोंबतं आणि दुसरीकडे फळ किंवा पाला येतो. मी बारमध्ये नव्या मुलांना हे दाखवायचे तेव्हा त्यांना आधी वाटायचं ताई उगाच नाटक करतेय.

पहिला घोट मोजायचाच नाही, तो फक्त तोंडाला सांगण्यासाठी की बाबा आता दारू येतेय. दुसरा घोट लहान घ्या, जिभेवर सगळीकडे फिरू द्या, गिळा आणि मग नाकाने श्वास सोडा, मातकट टकीलाची खरी मजा या सोडलेल्या श्वासात असते, आधी गोडसर कंद, मग हिरवं काहीतरी, कोणाला कोथिंबिरीचा देठ वाटतो, कोणाला हिरवं ऑलिव्ह, मग मिरी आणि शेवटी माठातल्या पाण्याची चव असते ना तशी. माठातलं पाणी हा माझा शब्द आहे, मेक्सिकोतले लोक ओली माती, ओला दगड म्हणतात. तिसऱ्या घोटाआधी चार थेंब पाणी घालून बघा, काही बाटल्या त्याने खुलतात आणि काही एकदम पडतात, पडली तर ती कॉकटेलला ठेवा.

सोबत खारं-आंबट हवंच असेल तर लिंबू चावण्यापेक्षा सांग्रिता करा. टकीला गाव ज्या राज्यात आहे त्या हालिस्कोतली ही रीत, टकीलाचा एक घोट आणि दुसऱ्या छोट्या ग्लासातून सांग्रिताचा एक घोट. टोमॅटोचा रस घालतात ती नंतरची सवय, मला संत्रं आणि डाळिंबवाली आवडते. चार चमचे संत्र्याचा रस, दोन चमचे डाळिंबाचा, दोन चमचे लिंबाचा, चिमूट मीठ आणि लाल तिखट. सोलापूरचं डाळिंब मिळत असताना बाटलीतला रस आणू नका.

मी आयबीएच्या, म्हणजे बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मापाने मार्गारिटा केली तरी हॉटेलसारखी लागत नाही, मातकट आणि कडवट लागते. टकीला 100 टक्के अगावे, खालच्या पट्ट्यातली. शेवटी हापूसचा पल्प घातला तेव्हा पाहुण्यांना आवडली. चुकतंय कुठे?
— ठाणे

पल्प घातलात तिथे चुकलं, बाकी तुम्ही बरोबर होतात! रागावू नका, पण हापूस ही एकट्याने गाणारी बाई आहे, तिच्यापुढे दुसऱ्याचा आवाज येत नाही. पल्पच घालायचा तर साधी मिश्तो वापरा, पाहुण्यांना फरक कळणार नाही आणि तुमचे पैसे वाचतील.

आयबीएचं माप 50 मिली टकीला, 20 ट्रिपल सेक म्हणजे संत्र्याची गोड लिकर, 15 लिंबू. हे माप मला मातकट टकीलाला गोड पडतं, आणि स्वस्त ट्रिपल सेक असेल तर त्याच्या संत्र्याच्या गोळीसारख्या वासाखाली माती चिखल होऊन बसते, तुम्हाला कडवट लागतंय ते बहुधा तेच. मी 60 टकीला, 20 लिंबू, 15 चांगली ऑरेंज लिकर असं घेते. किंवा ऑरेंज लिकर काढूनच टाका आणि टॉमीज करा. ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये हुलिओ बेर्मेहो यांनी बसवलेली, तीनच गोष्टी, 60 टकीला, 30 लिंबू, 15 अगावे सिरप. अगावेला अगावेचाच गोडवा, मध्ये कोणी तिसरा नाही. सिरप महाग वाटलं तर गुळाचं पाणी करा, गूळ आणि पाणी समसमान, पण 10 मिलीच्या वर नको, नाहीतर पन्हं होईल. मेक्सिकोत गुळासारखंच पिलोनसियो असतं, तेव्हा फार लांबची उडी नाही ही.

लिंबाबद्दल आपण नशीबवान आहोत बघा. अमेरिकन रेसिपीत जो लाइम असतो तो मोठा, बिनबियांचा, जाड सालीचा पर्शियन, आणि मेक्सिकोत रस्त्यावर जे लिमोन मिळतं ते लहान, पातळ सालीचं, बियांचं, म्हणजे आपलं कागदी लिंबूच. ते जास्त आंबट आणि जास्त वासाचं असतं म्हणून पुस्तकात 30 लिहिलं असेल तर आधी 20-25 घालून चाखा. पिळून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडू होतो, पाहुणे यायच्या वेळेलाच पिळा, बाटलीतला तर नकोच. आणि शेक करताना ग्लासभर कडक बर्फ, 12-15 सेकंद जोरात, हाताला चटका बसेपर्यंत. घरचा ओला, पाणी सुटलेला बर्फ घेतलात तर मार्गारिटा पांचट होणारच. मीठ अर्ध्याच काठाला लावा, ज्याला हवं त्याने तिकडून प्यावं.

मातीच्या चवीला जुळतील असे आपल्याकडचे पदार्थ कोणते? बीट, कोकम, पपनस, काय चालेल?
— मडगाव

बीटची गोष्ट ऐका. पणजीत एका बारचा मेनू मी करत होते तेव्हा मला फार हुशारी सुचली होती की मातकट टकीला आणि बीट, मातीला माती. बीटला जो मातीचा वास येतो तो जिऑस्मिन नावाच्या पदार्थाचा, पावसानंतर जमिनीतून येतो त्यात तेच असतं आणि आपल्या नाकाला ते अगदी किंचित असलं तरी कळतं. तर ते कॉकटेल दिसायला काय सुंदर झालं होतं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने एक घोट घेऊन विचारलं, मॅडम, कुंडी पालथी केली का यात? दोन दिवसांत मेनूवरून उतरवलं. तेव्हापासून मी मातीला माती जोडत नाही, मातीला आंबट, खारट आणि थोडं कडू जोडते, त्याने ती उठून येते.

कोकम मस्त. आगळ 10 मिली, टकीला 60, गुळाचं पाणी 10, वर साधा सोडा, मिरचीचा एक उभा तुकडा. आगळात मीठ असतंच म्हणून काठाला मीठ लावायचं नाही. अमृत कोकम वापरलंत तर गुळाचं पाणी वगळा.

पपनसाची पालोमा करा. मेक्सिकोत मार्गारिटापेक्षा पालोमाच घरोघरी दिसते, टकीला, लिंबू, चिमूट मीठ आणि ग्रेपफ्रूटचा सोडा, बास. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेलं फळ, त्यामुळे पपनस तसं घरचंच, फक्त त्यात ग्रेपफ्रूटचा कडवटपणा कमी असतो, तो टॉनिक वॉटरने आणायचा. 60 टकीला, 60 पपनसाचा रस, 10 लिंबू, मीठ, आणि वर टॉनिक. गणपतीत पपनस बाजारात भरपूर येतात, तेव्हा आणून ठेवा आणि विसर्जनानंतर काय ते करा!

काकडी चालते, कोथिंबिरीचे देठ चालतात, कैरी फारच छान. मुंबईत सध्या ज्या पिकांते नावाच्या कॉकटेलची लाट आहे त्यात मिरची-कोथिंबीरच असते. जिरं मात्र जपून, जलजीरा मसाला घातलात की संपलं, मग तो जलजीराच.

आमच्या बांधावर घायपात आहे, ते पण अगावेच ना? मग घरी टकीला होईल का? मजेत विचारतोय पण खरंच सांगा.
— फलटण

अगावेच आहे, पण जात वेगळी. टकीलाला फक्त निळं अगावे चालतं, आणि टकीला हे नाव 1974 पासून राखीव आहे, अख्खं हालिस्को आणि ग्वानाहुआतो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास या चार राज्यांचे ठरावीक भाग, बाहेर कुठेही बनवली तर ती टकीला नाही. आपल्या बांधावरचं घायपात वाखासाठी, दोरांसाठी लावलेलं. त्याला उंच दांडा येऊन फुलं आली की झाड मरतं हे तुम्ही बघितलं असेल, तिकडे तो दांडा वर यायला लागला की छाटतात, नाहीतर गड्ड्यातली सगळी साखर त्या फुलाऱ्यात जाते.

घरी गाळायचं मनातही आणू नका, तो गुन्हा आहे, आणि पानांचा चीक अंगाला लागला तर खाज सुटून जीव नकोसा होईल. दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून दारू करणारे भारतात आहेत, डेस्मंड नाझरेथ यांची डेस्मंडजी ही त्यातली आधीची, बाटलीवर टकीला न लिहिता अगावे लिहिलेलं असतं. गोव्यात गेलात की चाखून बघा, तिच्यातली माती आपली आहे आणि चव मेक्सिकोच्या मातीपेक्षा वेगळी लागते.

बाटलीत अळी असते ती खायची का?
— नाव नको म्हणाले

टकीलात अळी नसते. काही मेस्कलच्या बाटल्यांमध्ये टाकतात. खायची तर खा, मी नाही खात.

दुकानात उभं राहून कळेल का की बाटली मातकट निघेल की फळांची?
— नाशिक

पूर्ण नाही. पण आधी 100 टक्के अगावे बघा, मग एनओएम असं लिहून पुढे चार आकडी नंबर असतो तो बघा, प्रत्येक फॅक्टरीला एक नंबर, फोनवर टाकलात की फॅक्टरी कोणत्या गावात आहे आणि तिथे भट्टी आहे की डिफ्यूझर हे बहुतेकदा कळतं. एकाच नंबरवर दहा-पंधरा वेगवेगळे ब्रँड निघतात तेव्हा हसू येतं. गाव टकीला, अमातितान किंवा एल अरेनाल असेल आणि विटांची भट्टी असेल तर माती मिळायची शक्यता चांगली. बाटली किती वजनदार आणि बूच किती नक्षीचं याने काही ठरत नाही.

ताई, इतकी चांगली टकीला कोकमध्ये घातली तर तुम्ही ओरडाल का? मला तशीच आवडते.
— ऑस्टिन, टेक्सास

अजिबात ओरडणार नाही, उलट तुम्ही टकीला गावच्या लोकांसारखेच पिताय! तिथे ला कापिया नावाचा जुना साधा बार आहे, त्याचे जुने मालक हाविएर देल्गादो कोरोना यांनी 1961 साली बातांगा म्हणून हेच बसवलं. उंच ग्लासाच्या काठाला मीठ, आत एक अख्खं कागदी लिंबू पिळायचं, तुमच्याकडचं मोठं असेल तर अर्धं, मग बर्फ, 60 मिली सिल्व्हर आणि वर कोक. कोकच्या गोडव्याखाली गोडसर टकीला हरवून जाते, ही मातकट, मिरमिरीत टकीलाच मीठ-लिंबाच्या आधाराने वर येते. ढवळायला चमचा नाही, स्वयंपाकघरातली लांब सुरी घेतात, आणि त्याच सुरीने लिंबं, मिरच्या, अवोकाडो चिरलेले असतात म्हणे. घरी करताना तेवढं बघा की त्या सुरीने नुकताच कांदा चिरलेला नाही, मी एकदा केलंय ते.